पुढच्या रांगेतली जागा

१२ जानेवारी

वर्गाचा नियम आहे म्हणून ही वही सुरू केली. रोज लिहायचं, पण घडलं तेवढंच. आपलं मत घालायचं नाही. नियम करणारी माझी बायको असल्यामुळे अपिलाची सोय नाही.

तर घडलं ते असं. सगळी नोकरी लिफ्ट तपासण्यात गेली. या शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये आरशाशेजारी माझ्या सहीचा कागद लावलेला आहे. गेल्या महिन्यात कंपनीने नवी यंत्रं बसवली. आता लिफ्ट स्वतःची तक्रार स्वतःच नोंदवते, माणूस लागत नाही. मला फुलांचा गुच्छ मिळाला आणि मुदतीआधी निवृत्ती. तेव्हापासून सकाळी डोळे उघडले की छातीत धडधडतं. पुढे काय, हा एकच प्रश्न. मग मी या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालतो.

काल ही म्हणाली, "अहो, फरशा झिजवताय त्यापेक्षा वर या आणि अंग झिजवा."

वर म्हणजे आमच्याच इमारतीच्या शेवटच्या मजल्यावरची लांबोडकी खोली. तिथे हिचा योगवर्ग चालतो. मुलगी रांगत होती तेव्हापासून चालतोय. एवढ्या वर्षांत मी तिथे फक्त बल्ब बदलायला गेलो होतो.

पहिल्याच दिवशी एक अडचण निघाली. सगळा वर्ग हिला 'ताई' म्हणतो. मी काय म्हणायचं? हेडबाई म्हणाल्या, "वर्गात सगळे सारखे. तुम्हीही ताईच म्हणा." (हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, हिच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी.) हे ऐकून दातांचे डॉक्टर चटईवर पडल्या पडल्या इतके हसले की त्यांना उचकी लागली. शेवटी 'मॅडम' ठरलं. ही म्हणाली, "घरीही चालेल."

१५ जानेवारी

माझी जागा शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून. ही म्हणते नवीन माणसाला भिंतीचा आधार असावा. आज वृक्षासन. एका पायावर उभं राहायचं आणि झाड व्हायचं. मी झाड झालो आणि दातांच्या डॉक्टरांवर कोसळलो. ते म्हणाले, "दात शाबूत आहेत ना? मग पुन्हा करा."

ही वर्गात घरच्यापेक्षा कडक आहे. उशीर झाला तर दार बंद. उजवी बाजू झाली की तेवढेच श्वास डावीकडे, एक कमी नाही की एक जास्त नाही. आणि सारखं तेच सांगते, "मागचं गेलं. पुढचं येईल तेव्हा बघू. आत्ता तळपाय जमिनीला कुठे टेकलाय तेवढं बघा."

मी बघितलं. टाचेजवळ थोडा, अंगठ्याखाली जास्त. तेवढा वेळ धडधड थांबली होती, हे खरं.

२ फेब्रुवारी

आता सकाळी उठवतं. वर जायचं असतं म्हणून उठवतं.

आज वर्ग सुटल्यावर हेडबाईंनी पुन्हा शीर्षासनाचा विषय काढला. म्हणे दर वर्षी काढतात. सत्तरी जवळ आलीय, एकदा तरी जग उलटं बघायचंय. ही चटया गोळा करत होती. मान वर न करताच म्हणाली, "बाई, तुमच्या मानेचा एक्स-रे मी पाहिलाय. त्या दोन मणक्यांवर तुमच्या डोक्याचंच वजन जास्त होतंय. या जन्मी नाही. पुढच्या जन्मी माझ्याकडेच या, पहिल्या दिवशी शिकवीन."

"पुढच्या जन्मी तुम्हीच ओळखणार नाही मला."

"बाई, तुम्हाला कोण विसरेल?"

सगळे हसले.

२० फेब्रुवारी

आज वर्गात एक गोष्ट घडली. त्रिकोणासन उजवीकडे झालं. आम्ही डावीकडे वळायला पाय फाकवून उभे राहिलो आणि ही म्हणाली, "छान. आता खाली बसा." कोणी बसेना. हिने पुन्हा म्हटलं, "बसा ना." बसलो. उरलेला सगळा वेळ अंग एका बाजूला ओढल्यासारखं वाटत होतं.

जिन्यात कुजबुज झाली. हेडबाईंनी उलगडा केला. "तुमच्या लक्षात नाही आलं? ताईंनी मुद्दाम अर्धं ठेवलं. आपल्याला सगळं पुरं झालेलंच हवं असतं. अर्धवट राहिलेलं सोसायला शिका, असं आहे ते." दातांचे डॉक्टर म्हणाले, "मी उद्यापासून अर्धाच दात काढतो." पण मान त्यांनीही डोलावली.

घरी आल्यावर मी हिला विचारलं, "डावी बाजू मुद्दाम ठेवलीस का?"

ही दिव्याच्या बटणावर हात ठेवून उभी होती. लावलाही नाही, मालवलाही नाही. मग म्हणाली, "तुम्ही वर शिकायला येता की तपासायला?"

माझी खोड मला माहीत आहे. जन्मभर दुसऱ्याच्या यंत्रातला दोष शोधला. मी माफी मागितली. ती काहीतरी बोलणार होती, पण नंतर चहा ठेवायला गेली.

५ मार्च

मुलीचा फोन. जावयाला दुसऱ्या देशात काम मिळालंय, दोघं वर्षअखेरीला जाणार. गेल्या वर्षी नुसता विषय निघाला तेव्हा हिने आठवडाभर अबोला धरला होता. मी कानात बोटं घालायच्या तयारीत बसलो. ही म्हणाली, "जा की. बरं होईल. तिकडची हवा चांगली आहे." आणि फोन माझ्याकडे दिला.

मुलगी म्हणाली, "बाबा, आई भांडली नाही."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं? आई? आणि दुपारी मी हेच सांगायला फोन केला होता तेव्हाही अगदी हेच बोलली. हवा चांगली आहे वगैरे. आत्ता पहिल्यांदा ऐकल्यासारखं."

मी तिला समजावलं की तीस वर्षांच्या साधनेने माणूस बदलतो. जे येईल ते नव्याने ऐकायचं, हीच तर शिकवण. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही वर्गात जायला लागल्यापासून फार गोड बोलायला लागलात. मला भीती वाटते."

खरं तर मला हिचा हेवा वाटतो. मी अजून गुच्छाच्या दिवशी कोण काय बोललं ते उगाळत बसतो. हिच्या मनात कालचं काही उरतच नाही. गेल्या महिन्यात माझ्या बहिणीशी केवढं वाजलं होतं. काल बहिणीचा फोन आला तर ही किती प्रेमाने बोलली! बहीणच गोंधळली.

(मत घालायचं नव्हतं. घातलं गेलं.)

१८ मार्च

शवासन. डोळे मिटून पडायचं, ही घंटी वाजवेपर्यंत. आज घंटी वाजेना. आधी बरं वाटलं. मग नाक खाजलं. मग बाहेरच्या रस्त्यावरच्या गाड्या एकेक ओळखू यायला लागल्या. शेजारी कोणीतरी घोरायला लागलं, घोरून उठलं, तरी घंटी नाही. मी डोळा किलकिला करून बघितलं. हिची चटई रिकामी होती.

पाय न वाजवता खाली आलो. ही स्वयंपाकघरात गाजरं चिरत होती.

"वर वर्ग पडलाय," मी म्हटलं.

"पडलाय?"

"शवासनात. तुझी वाट बघतोय."

हिने सुरी खाली ठेवली. हात पुसले, फार सावकाश. म्हणाली, "असू दे पडलेला. आज जरा जास्त वेळ द्यायचा होता." आणि माझ्यापुढे जिना चढून गेली.

घंटी वाजली तेव्हा तीन-चार जण रडत होते. इतकी शांतता कधी अनुभवली नव्हती म्हणे. हेडबाई म्हणाल्या, "ताई आता घड्याळाच्या पलीकडे गेल्यात." दातांच्या डॉक्टरांचा पहिला रुग्ण दवाखान्याच्या दाराशी ताटकळून परत गेला होता. तरी ते म्हणाले, "परवडलं."

गाजरं अख्खी पिशवी चिरलेली होती. आम्ही दोघंच आहोत. भांड्यांत मावेनात.

२ एप्रिल

वर्गाचा बोलबाला झालाय. खोली भरली, चटया दारापर्यंत येतात. एवढी गर्दी हिच्या तिशीतही नव्हती.

आज हिने सगळ्यांसमोर मला पुढे बोलावलं. "तुम्ही आता इथे, माझ्या समोर." भिंत सुटली. लिफ्ट तपासनिसाची पहिली परीक्षा पास झालो तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता. मी ताठ उभा राहिलो. ही माझ्याकडे टक लावून बघत होती. मी हात वर केले की तीही करायची, मी वाकलो की तीही वाकायची. आमचा इतका मेळ लग्नातसुद्धा बसला नव्हता.

शिकवायची पद्धतही बदललीय. आता सांगत नाही, विचारते. "हं, सांगा, आता पुढे काय?" आम्ही सांगतो. "आणि त्यानंतर?" आम्ही तेही सांगतो. हेडबाई म्हणतात, त्या चाळीस वर्षं शाळेत हेच करायला सांगत होत्या, पण एका शिक्षकाला जमलं नाही.

पुढच्या रांगेत चूक परवडत नाही म्हणून मी आता दुपारी घरी सगळा क्रम घोकतो. उजवी, डावी, श्वास, घंटी. ही सोफ्यावर बसून बघते. काल म्हणाली, "पुन्हा करा. पहिल्यापासून." मी केलं. "अजून एकदा." शिकवण्यात कसूर नाही तिची.

९ एप्रिल

मुलगी दोन दिवस राहून गेली. जाताना खाली रस्त्यावर, टॅक्सी उभी असताना, म्हणाली, "आईला डॉक्टरकडे न्या."

"कशाला? ठणठणीत आहे."

"बाबा, काल ती वरच्या खोलीच्या दाराशी किल्ली हातात घेऊन उभी होती. मी बघत होते. किल्ली उलटी धरली, सुलटी धरली, मग मला म्हणाली, तू उघड."

"तुला मान दिला."

"बाबा!" टॅक्सीवाल्याने मागे वळून बघितलं. "तिने मला माझ्या लग्नाला कोण कोण आलं होतं ते विचारलं. मी म्हटलं, तू नव्हतीस का? तर हसली. तुम्हाला खरंच काही दिसत नाही, की बघायचं नाही?"

मी तिला म्हटलं की भूतकाळात अडकू नये. तिने टॅक्सीचं दार आपटलं.

वर येताना आमच्या लिफ्टने आलो. दुसऱ्या मजल्यावर बारीक हिसका बसतो. शेजारच्या आजोबांना विचारलं, कधीपासून? म्हणाले, "ती पहिल्यापासून तशीच आहे हो." पहिल्यापासून तशी नाही. मीच तिला पास केली होती. पण लोकांना हिसक्याची सवय होते, मग तो त्यांना लागत नाही.

यंत्राने तक्रार नोंदवली असेलच. मी कोण आता?

२४ एप्रिल

छातीत पुन्हा धडधडतंय. कारण लिहितो.

आज हेडबाईंनी सवयीने विचारलं, "ताई, मग या जन्मी नाहीच का शीर्षासन?" आम्ही सगळे नेहमीच्या उत्तराची वाट बघत तयारीत होतो. ही म्हणाली, "का नाही? सोमवारी करू या. भिंतीजवळ. मी पाय धरीन."

हेडबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मग डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी ताईंनी त्यांना योग्य मानलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात वाजत होते आणि मनात आलं, एक्स-रे.

घरी विचारलं. सरळ नाही विचारलं, चहा पिताना म्हटलं, "बाईंच्या मानेचं काय ग?"

"कोणाच्या?"

"हेडबाईंच्या. तू एक्स-रे पाहिला होतास ना?"

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. उत्तर तिथे कुठेतरी लिहिलं असावं तशी. मग घाईने म्हणाली, "हो, हो. आहे लक्षात. मागचं किती धरून बसायचं माणसाने?"

हे तर ती पहिल्या दिवसापासून सांगते. तीन महिन्यांपूर्वी मी थरथरत वर गेलो होतो. आज मी पुढच्या रांगेत आहे, ते या एका वाक्यामुळे. आता सोयीचं नाही म्हणून तेच वाक्य खोटं म्हणू?

आणि तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मान बरी झाली असेल. तिने तसं पाहिलं असेल.

सोमवारपर्यंत काही बोलायचं नाही असं ठरवलं. श्वास बघतोय. तो वर अडकतोय.

२७ एप्रिल

घडलं तेवढंच.

भिंतीला घडी केलेली रजई. हेडबाई गुडघ्यांवर बसल्या, बोटं एकमेकांत अडकवली, डोकं टेकवलं. ही शेजारी उभी. मी पुढच्या रांगेत, चार हातांवर. बाकीचे अर्धवर्तुळ करून बसलेले.

हिने मला विचारलं, "हं, आता पुढे काय?"

मी म्हटलं, "पाय वर." मी म्हटलं.

पाय वर गेले. हिने घोटे धरले. हेडबाईंचा चेहरा लाल झाला आणि उलटा हसायला लागला. "ताई, दिसतंय सगळं!" कोणीतरी हळूच वाहवा म्हटलं. खाली रस्त्यावर कुठल्या तरी गाडीचं दार लागलं. हिने खिडकीकडे बघितलं आणि तिचे हात सुटले. झटकले नाहीत, नुसते सुटले. कपड्यांना पुसत पुसत ती खिडकीकडे चालायला लागली.

वर्ग हलला नाही. सगळ्यांना वाटलं असंच असतं.

मी हिचा चेहरा बघितला. चुकीच्या थांब्यावर उतरलेल्या आणि गाडी निघून गेलेल्या माणसाचा असतो तसा.

मी उठलो. तोवर हेडबाईंचे पाय एका बाजूला झुकले होते. गुडघे माझ्या हातात आले, पण सगळं वजन आधी मानेवर गेलं. बारीक आवाज झाला, वाळकी काडी मोडावी तसा. मी आणि डॉक्टरांनी त्यांना आडवं केलं. डॉक्टर म्हणत होते, "हलू नका, बाई, बोलू नका, कोणी हलवू नका त्यांना."

ही खिडकीपाशी वळली. धावत आली. खाली बसली. आणि आम्हा सगळ्यांवर ओरडली, "यांना शीर्षासन कोणी करायला सांगितलं? यांच्या मानेचा एक्स-रे मी पाहिलाय!"

२८ एप्रिल

हेडबाईंना मानेचा पट्टा लावलाय. मोडलं काही नाही. पण डाव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत. हाडांचे डॉक्टर म्हणाले वाट बघायची. परत येईल संवेदना, किंवा नाही येणार.

सकाळी त्यांचा स्वतःचाच फोन आला. आवाज उत्साही. "ताईंना सांगा, मला राग नाही. उलट माझे डोळे उघडले. आधार सुटला तेव्हाच कळलं मी किती धरून होते. आणि नंतर काय विचारलं त्यांनी! 'कोणी सांगितलं?' म्हणजे करणारा कोण, करवणारा कोण! केवढा मोठा प्रश्न, आणि किती सहज! पट्टा निघाला की मी पुन्हा येणार. अर्धवट राहिलंय ते."

मी म्हटलं, "बाई, तो प्रश्न नव्हता."

"म्हणजे?"

"तिला खरंच माहीत नव्हतं कोणी सांगितलं. ती विसरली. सोमवार ठरवलेला विसरली, तुमचे पाय हातात आहेत हे विसरली. त्रिकोणासनाची डावी बाजूसुद्धा विसरलीच होती. ती काही शिकवत नव्हती, बाई."

मग मुख्याध्यापकांच्या खोलीतला आवाज आला. "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

याचं नीट उत्तर मला अजूनही देता येत नाही.

संध्याकाळी वर गेलो. ही एकटीच चटया गुंडाळत होती. मी बोलायच्या आत म्हणाली, "माहीत आहे. वर्ग बंद करायचा."

"तुला कधी..."

"डावी बाजू राहिली त्या दिवशी. सगळे पाय फाकवून उभे, माझ्याकडे बघतायत, आणि मला कळेना कशाला उभे आहेत. घरी तुम्ही विचारलंत. सांगणारच होते. पण तुम्ही माफी मागितलीत."

मी खाली बसलो.

"हेडबाईंनी त्याला कायतरी मोठं नाव दिलं. मला वाटलं, असेलही. रोज कोणीतरी नाव द्यायचं. बरं वाटायचं. मग तुम्हाला पुढे घेतलं. तुम्हाला वाटलं पुढे नेलं, आणि मी तुमचं बघून करत होते." ती जरा हसली. "चुकत होतात तुम्ही. मीही तसंच करत होते."

"मग मला का नाही..."

"तुम्ही किती बरे झाला होतात हो. सकाळी शीळ घालायला लागला होतात."

चटई तिने तिसऱ्यांदा उलगडली आणि तिसऱ्यांदा गुंडाळायला घेतली. मग हातातली तशीच ठेवून म्हणाली, "एक ऐका. मी आता विचारत राहणार. तेच तेच विचारणार. मला गोडगोड काही सांगायचं नाही. किती वेळा विचारलं तरी खरं सांगायचं. सगळे मला गोड सांगत होते म्हणून बाईंची मान गेली."

मी हो म्हटलं.

१ मे

दारावर कागद लावला, वर्ग बंद आहे. कारण लिहिलं नाही. तरी सकाळी काहीजण आले, कागद वाचून जिन्यातच बसले. एकीने विचारलं, "हाही धडा आहे का?" मी म्हटलं, "नाही. घरी जा." दातांचे डॉक्टर मागे राहिले. म्हणाले, "रोज समोर बघत होतो. मी डॉक्टर आहे, काका." आणि विनोद न करता गेले. हे त्यांना पहिल्यांदाच जमलं असेल.

मुलीने मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, गुरुवारची. ती स्वतः येतेय. परदेशाचं काय, विचारलं. म्हणाली, "ते नंतर बघू." मला तिच्या तोंडून ते ऐकवलं नाही.

४ मे

सकाळी ही वर्गाचे कपडे घालून आली. "चला, उशीर होईल."

मी म्हटलं, "वर्ग बंद केलाय."

"का?"

सांगितलं. सोमवार, भिंत, पाय, खिडकी. ती ऐकता ऐकता खुर्चीच्या कडेवर बसली आणि पहिलं काय विचारलं तर, "बाईंना लागलं नाही ना?"

"दोन बोटं बधिर आहेत."

तिने तोंडावर हात घेतला. मी जवळ बसलो. बराच वेळ बसलो. तिचे खांदे सावकाश खाली आले. मग उठून आत गेली, कपडे बदलले.

चहा गाळत होतो तर मागे उभी. पुन्हा वर्गाचे कपडे. "अहो, चला ना. दार बंद करीन हां मी, तुम्ही असलात तरी."

"वर्ग बंद केलाय."

"का?"

सांगितलं. सगळं, त्याच क्रमाने. ती त्याच खुर्चीच्या त्याच कडेवर बसली. "बाईंना लागलं नाही ना?" मी सांगितलं. हात तसाच तोंडावर गेला. जरासुद्धा कमी नाही. दर वेळी पहिल्यांदाच ऐकते ती, आणि दर वेळी तेवढंच लागतं. मला मात्र दुसऱ्या वेळी शब्द आधीच तोंडात तयार होते. त्याचीच जास्त लाज वाटली.

तिसऱ्यांदा दुपारी आली. केस विंचरलेले, किल्ली हातात. खिडकीतून ऊन येत होतं आणि ती छान दिसत होती. सगळं झालं तसंच, का, सोमवार, भिंत, खुर्चीची कड.

"बाईंना लागलं नाही ना?"

मी म्हटलं, "नाही ग. अजिबात नाही. ठणठणीत आहेत."

तिने मान हलवली. उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. परत आली, वाकून माझा चेहरा बघितला. इतक्या जवळून तिने मला कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

"तुम्ही खोटं बोलताय," ती म्हणाली. "तुमचे कान लाल होतात. लग्नाच्या आधीपासून होतात."

मग ती पुन्हा खुर्चीच्या कडेवर बसली, हात मांडीवर घट्ट धरून ठेवले, आणि म्हणाली, "हं. सांगा."

मी सांगितलं.